चर्चच्या कॉयरमधून रेकॉर्डपर्यंत: टूट्स हिबर्टचा आवाज कुठून आला

गोव्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फिरलात, की एखाद्या तरी शॅकवर हिरवा, पिवळा आणि लाल पट्टा दिसतोच. भिंतीवर बॉब मार्लेचा चेहरा असतो आणि आतून संथ, डोलायला लावणारा ठेका ऐकू येतो. २०१६पासून गोव्यात 'गोवा सनस्प्लॅश' नावाचा रेगे महोत्सवही भरू लागला. २०१८मध्ये युनेस्कोनं जमैकाच्या रेगे संगीताचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही ती बातमी आली. तरीही आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात रेगे म्हणजे जटा, गांजाचा धूर आणि समुद्रकिनारा, एवढंच चित्र असतं.

म्हणून जमैकन गायकांची चरित्रं वाचताना एका वाक्यापाशी गोंधळ होतो. ते वाक्य जवळजवळ प्रत्येक चरित्रात असतं: 'लहानपणी तो चर्चच्या कॉयरमध्ये गात असे.' जिमी क्लिफ, मार्शिया ग्रिफिथ्स, लुसियानो, या सगळ्यांच्या गाण्याची सुरुवात चर्चमध्ये झाली. आणि ज्याच्या गाण्यावरून या संगीताला नाव मिळालं, तो फ्रेडरिक 'टूट्स' हिबर्ट तर धर्मोपदेशकांच्या कडक शिस्तीच्या घरात जन्मला होता. ते वाक्य आपण वाचतो आणि पुढे जातो. माझ्या मते मात्र सगळी गोष्ट त्या वाक्यातच आहे. टूट्सच्या आयुष्याचा धागा धरून ते उलगडायचा हा प्रयत्न आहे.

आधी रेगे म्हणजे काय ते पाहू

मनात सावकाश एक, दोन, तीन, चार असे आकडे मोजा. बहुतेक पाश्चात्त्य नाचगाण्यांत पहिल्या आकड्यावर जोर असतो. रेगेत 'एक' बहुधा मोकळा सोडतात. 'दोन' आणि 'चार'वर गिटार छोटा, तुटक आवाज करते. ढोलाचा मुख्य ठोका 'तीन'वर पडतो आणि या पद्धतीला 'वन ड्रॉप' म्हणतात. या सगळ्याच्या खाली बास गिटार चालत असते. ती नुसती साथ करत नाही, तिची स्वतःची चाल असते, आणि पुष्कळदा लोकांच्या लक्षात तीच राहते.

ही लय एका रात्रीत जन्मली नाही. १९६०च्या सुमारास जमैकात 'स्का' आलं. ते वेगवान आणि नाचरं होतं. १९६६च्या आसपास वेग उतरला, बास पुढे आली आणि त्या टप्प्याला 'रॉकस्टेडी' म्हणू लागले. १९६८मध्ये आणखी एक वळण आलं, ते रेगे. त्याच वर्षी टूट्सच्या 'मेटल्स' या त्रिकुटानं 'डू द रेगे' नावाचं गाणं काढलं. किंग्स्टनच्या गल्ल्यांत हा शब्द आधीपासून फिरत होता, पण गाण्याच्या नावात तो पहिल्यांदा या रेकॉर्डवर आला असं सर्वसाधारणपणे मानलं जातं.

आता 'दोन' आणि 'चार'कडे पुन्हा वळू. गॉस्पेल, म्हणजे ठेक्यावरची ख्रिस्ती भक्तिगीतं, गाणाऱ्या चर्चमध्ये मंडळी टाळ्या वाजवतात त्या याच आकड्यांवर. रेगेतला गिटारचा तुटक आवाज थेट टाळ्यांमधून आला असं मी म्हणत नाही, त्यामागे रिदम अँड ब्लूज या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नाचगाण्यांचा आणि मेंतो या जमैकन लोकसंगीताचाही हात आहे. पण ज्या पोरानं दर आठवड्याला त्या आकड्यांवर टाळी दिली, त्याला ही लय मुद्दाम शिकवावी लागली नाही.

जमैकात एवढी चर्चं कुठून आली

जमैका हे जेमतेम ११,००० चौरस किलोमीटरचं बेट. त्या आकाराच्या मानानं जगात सर्वांत जास्त चर्चं आपल्याकडेच आहेत, असं तिथले लोक अभिमानानं सांगतात. ही चर्चं नुसती गोऱ्या मालकांनी बांधलेली नाहीत. १७८३मध्ये जॉर्ज लायल नावाचा एक कृष्णवर्णीय बाप्टिस्ट उपदेशक अमेरिकेतल्या जॉर्जियातून जमैकात आला आणि त्यानं गुलामांमध्ये प्रवचनं सुरू केली. पुढे १८३१च्या नाताळात बेटावरचा सर्वांत मोठा गुलामांचा उठाव झाला. त्याचा नेता सॅम शार्प हा बाप्टिस्ट चर्चचा डीकन, म्हणजे पाद्र्याचा सहायक होता. त्याला १८३२मध्ये फाशी दिलं. १८३४मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली आणि १८३८मध्ये गुलामांना पूर्ण मुक्ती मिळाली.

१८६०-६१मध्ये बेटावर धार्मिक उत्साहाची मोठी लाट आली. तिच्यातून 'रिव्हायव्हल' नावाचे पंथ बळावले. ख्रिस्ती स्तोत्रं आणि आफ्रिकी ढोल, पावलांचा ठेका, अंगात येणं, हे सगळं तिथे एकत्र नांदू लागलं. शहरातल्या प्रतिष्ठित चर्चांना ते आवडत नसे. सामान्य माणसाच्या कानात मात्र दोन्ही प्रकारचे सूर असत: छापील पुस्तकातलं शिस्तबद्ध स्तोत्र, आणि गल्लीच्या टोकाला ढोलावर रात्रभर चाललेली प्रार्थना. टूट्सच्या आवाजात हे दोन्ही ऐकू येतात, म्हणून हा इतिहास सांगितला.

कॉयरमध्ये मूल काय शिकतं

कॉयर म्हणजे चर्चमधला गाणाऱ्यांचा गट. त्यातून काय मिळतं हे मराठी माणसाला समजावण्यासाठी लांब जायला नको, भजन आठवा. बुवा अभंगाचं चरण म्हणतात, मागचे टाळकरी ते उचलतात, बुवा तेच चरण फिरवून वेगळ्या जागेवर नेतात, टाळकरी पुन्हा मुखड्यावर आणतात. पुस्तक समोर नसलं तरी चालतं, कारण सगळं तोंडपाठ असतं. रंग चढला की बुवा मधूनच दोन शब्द बोलतात, हात वर करतात, श्रोत्यांनाही गायला लावतात. जमैकाच्या खेड्यातल्या चर्चमध्ये हेच घडे. पुष्कळ लोकांना वाचता येत नसे, त्यामुळे पुढारी स्तोत्राची ओळ आधी बोलून दाखवी आणि मग मंडळी ती गात. एकानं हाक द्यायची आणि बाकीच्यांनी ओ द्यायची, ही रीत त्यातून हाडीमांसी मुरते.

दुसरी गोष्ट आवाजाची. माइक नसायचा. पत्र्याच्या छपराखाली शंभर माणसं गात असताना आपला आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचा, तर तो छातीतून काढावा लागतो आणि दीड-दोन तास टिकवावा लागतो. तिसरी गोष्ट सुरावटीची: एकानं मूळ चाल धरली, की दुसऱ्यानं तिच्या वरचा आणि तिसऱ्यानं खालचा सूर लावायचा. चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चर्चमधला श्रोता तिकीट काढून आलेला नसतो आणि तो खोटी दादही देत नाही. गाणं पोचलं तर तो उठून उभा राहतो, नाही पोचलं तर गप्प बसतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला दर आठवड्याला अशी परीक्षा द्यावी लागते. त्या काळातल्या गरीब घरांतल्या मुलांसाठी संगीताची शाळा म्हणावी असं दुसरं फारसं काही नव्हतं. चर्चचं शिक्षण फुकट होतं आणि चांगलं होतं.

मे पेन ते ट्रेंचटाउन

टूट्सचा जन्म ८ डिसेंबर १९४२चा, क्लॅरेन्डन परगण्यातल्या मे पेन गावचा. सात भावंडांत तो धाकटा. आईवडील सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे उपदेशक होते. हा पंथ शनिवारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस, पाळतो आणि दारू-तंबाखूला मनाई करतो. त्या घरात गाणं म्हणजे देवाचं गाणं.

आईवडील लवकर गेले. साधारण अकराव्या वर्षी पोरका झालेला टूट्स किंग्स्टनला, ट्रेंचटाउन वस्तीत भावाकडे राहायला आला. 'टूट्स' हे लाडाचं नाव त्याच भावानं ठेवलेलं. ट्रेंचटाउन तेव्हा गरिबांची, दाटीवाटीची वस्ती होती. पण त्या एका वस्तीतून जेवढे गायक निघाले, तेवढे एखाद्या देशातूनही क्वचित निघतात. बॉब मार्ले, पीटर टॉश आणि बनी वेलर तिथलेच. जो हिग्ज नावाचा गायक तिथल्या अंगणात पोरांना सूर कसे जुळवायचे ते शिकवत असे.

टूट्स न्हाव्याच्या दुकानात काम करू लागला आणि काम करता करता गात असे. तिथेच त्याला रॅली गॉर्डन आणि जेरी मथायस भेटले. १९६२च्या सुमारास तिघांचा गट झाला, मेटल्स. त्याच वर्षी ६ ऑगस्टला जमैका ब्रिटिशांच्या सत्तेतून स्वतंत्र झाला.

रेकॉर्ड काढणारे लोक कोण होते

इथे एक संज्ञा समजून घ्यावी लागेल: साउंड सिस्टीम. जमैकात हा शब्द नुसत्या स्पीकरसाठी वापरत नाहीत. ट्रकवर लादलेले कपाटाएवढे स्पीकर, अँप्लिफायर, रेकॉर्डचा साठा आणि ते चालवणारी माणसं, या सगळ्याला मिळून साउंड सिस्टीम म्हणतात. घरोघरी रेडिओ नव्हता, क्लबात जायला पैसे नव्हते, म्हणून मोकळ्या मैदानात हे स्पीकर लावून नाच व्हायचे. पैसा प्रवेशफीतून आणि बियरच्या विक्रीतून सुटायचा.

दोन साउंड सिस्टीममधली चुरस जीवघेणी असे. एक होती क्लेमेंट 'कॉक्सन' डॉडची, दुसरी एकेकाळी पोलिसात असलेल्या ड्यूक रीडची. ज्याच्याकडे दुसऱ्या कुणाकडे नसलेली रेकॉर्ड असेल, गर्दी त्याच्याकडे. कॉक्सन अमेरिकेत जाऊन रिदम अँड ब्लूजच्या रेकॉर्ड आणायचा, आणि प्रतिस्पर्ध्याला नाव कळू नये म्हणून लेबल खरवडून टाकायचा. पण पन्नासचं दशक सरता सरता अमेरिकेची आवड रॉक अँड रोलकडे वळली आणि जमैकन नाचाला लागणारा माल तिकडून येईनासा झाला. मग या मंडळींनी ठरवलं, आपणच बनवू.

जमैकाचा रेकॉर्डिंग धंदा असा उभा राहिला. नाचाला रोज नवं गाणं हवं होतं, म्हणून गायक हवे होते. १९६३मध्ये कॉक्सननं ब्रेंटफोर्ड रोडवर 'स्टुडिओ वन' सुरू केला. बेटावरचा, कृष्णवर्णीयाच्या मालकीचा तो पहिला स्टुडिओ. रविवारी तिथे नव्या गायकांची चाचणी होई आणि बाहेर पोरांची रांग लागे. रांगेतल्या पोरांकडे वाद्य नसे, प्रशिक्षणाचा कागद नसे, ओळख नसे. कॉयरमध्ये कमावलेला आवाज तेवढा असे.

वादकांची गोष्टही चर्चपासून दूर नाही. किंग्स्टनमध्ये कॅथलिक नन्स चालवत असलेली अल्फा बॉइज स्कूल ही गरीब आणि अनाथ मुलांची शाळा होती. तिथल्या बँडमध्ये मुलांना ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन शिकवत. सिस्टर मेरी इग्नेशियस यांच्याकडे स्वतःचा मोठा रेकॉर्ड-संग्रह होता आणि त्या मुलांना ऐकवत. टॉमी मॅकूक, डॉन ड्रमंड, लेस्टर स्टर्लिंग, जॉनी मूर हे सगळे त्या शाळेत घडले. मेटल्सनं कॉक्सनकडे गाणी केली, तेव्हा मागे वाजवायला अशाच पोरांची फळी होती. त्यांतले बरेच जण पुढे 'स्कॅटलाइट्स' म्हणून गाजले. म्हणजे माइकसमोर कॉयरचं पोर आणि मागे कॉन्व्हेंटच्या बँडचं. जमैकन संगीताच्या इतिहासात या नन्सना जेवढी जागा मिळायला हवी, तेवढी अजून मिळालेली नाही असं मला वाटतं.

स्टुडिओत पोचला तरी सूर चर्चचाच

मेटल्सच्या पहिल्यावहिल्या गाण्यांपैकी एकाचं नाव 'हालेलुया'. दुसरं, 'सिक्स अँड सेव्हन बुक्स ऑफ मोझेस', म्हणजे बायबलमधल्या ग्रंथांची यादीच: उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना... नाचाच्या मैदानात, बियरच्या बाटल्यांमध्ये, लोक या यादीवर नाचत होते. गंमत अशी की मोझेसची 'सहावी आणि सातवी' पुस्तकं बायबलात नाहीतच. त्या नावाचा तंत्रमंत्राचा एक ग्रंथ कॅरिबियनमध्ये दबक्या आवाजात ओळखला जाई. एकाच गाण्यात रविवारची शाळाही आहे आणि गल्लीतली भीतीही.

तेव्हाचं रेकॉर्डिंग कसं होई तेही समजून घ्यायला हवं. गायक आणि वादक एकाच खोलीत उभे राहून एकाच वेळी गात-वाजवत. आजच्यासारखं आवाज वेगळा, गिटार वेगळी, चुकलं तर तेवढाच तुकडा पुन्हा, असं नव्हतं. एकजण चुकला की सगळं पहिल्यापासून. स्टुडिओचा तास महाग. अशा वेळी पहिल्या-दुसऱ्या खेपेतच गाणं पूर्ण ताकदीनं म्हणणारा, आणि दोघांचे सूर चुकू न देता मध्येच हाका घालणारा गायक निर्मात्याला सोन्यासारखा. कॉयरमध्ये तरी दुसरं काय होतं? तिथे दुसरी खेप मिळतच नाही.

कॉक्सननंतर मेटल्सनी प्रिन्स बस्टर आणि मग बायरन ली या निर्मात्यांकडे गाणी केली. १९६६मध्ये स्वातंत्र्योत्सवाची पहिली गीतस्पर्धा झाली. ती त्यांनी 'बॅम बॅम' या गाण्यानं जिंकली. पुढे १९६९ आणि १९७२मध्येही ही स्पर्धा त्यांनीच जिंकली.

पण मध्ये एक खंड पडला. १९६६च्या यशानंतर लगेच टूट्सला गांजा बाळगल्याच्या आरोपावरून तुरुंगात जावं लागलं. आपल्याला यात गोवलं गेलं, असं तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. (गांजा जमैकात रुजला तो १८४५पासून भारतातून मळ्यांवर नेलेल्या मजुरांबरोबर. थोडा गांजा जवळ बाळगणं हा फौजदारी गुन्हा न मानण्याचा कायदा तिथे २०१५मध्ये झाला, म्हणजे टूट्सच्या शिक्षेनंतर जवळपास अर्धशतकानं.) रॅली आणि जेरी त्याच्यासाठी थांबले. सुटून आल्यावर त्यांनी लेस्ली काँग या निर्मात्याकडे '५४-४६ दॅट्स माय नंबर' केलं. हे कैद्याच्या क्रमांकाचं गाणं. त्यात टूट्स श्रोत्यांना हुकूम सोडतो आणि ते पाळतात. शब्द तुरुंगाचे आहेत, बांधणी मात्र प्रार्थनासभेची: पुढाऱ्यानं सांगायचं, मंडळींनी उत्तर द्यायचं. 'प्रेशर ड्रॉप' हे गाणंही लेस्ली काँगकडचंच. आपल्यावर अन्याय करणाऱ्याला त्याचं फळ मिळेल, हा त्याचा आशय, आणि तोही प्रवचनात शोभावा असाच.

'पण रेगे तर रास्ताफारींचं संगीत ना?'

हा प्रश्न येणारच. रास्ताफारी हा १९३०च्या दशकात जमैकात जन्मलेला धर्मपंथ. इथिओपियाचा सम्राट हायले सेलासी १९३०मध्ये गादीवर आला. कृष्णवर्णीयांच्या स्वाभिमानाचा पुरस्कार करणारा जमैकन नेता मार्कस गार्वी याच्या विचारांनी भारलेल्या काही उपदेशकांनी त्याला देवाचा अवतार मानलं. हिरवा, पिवळा आणि लाल हे रंग इथिओपियाच्या झेंड्याचे. १९६६मध्ये सेलासी स्वतः किंग्स्टनला आला, तेव्हा विमानतळावर अफाट गर्दी लोटली. त्यानंतरच्या वर्षांत पुष्कळ गायक या पंथाकडे वळले, आणि टूट्सनंही पुढे त्याच्याशी आपलं नातं सांगितलं.

मग चर्च सुटलं का? तसं नाही. रास्ताफारींचा ग्रंथही बायबलच. ते फक्त त्याचा अर्थ वेगळा लावतात: बॅबिलोन म्हणजे गुलामगिरी लादणारी सत्ता, झायन म्हणजे आफ्रिका. आपल्याकडे कॅसेटच्या जमान्यात घरोघरी पोचलेलं बोनी एमचं 'रिव्हर्स ऑफ बॅबिलोन' आठवतं? ते मुळात १९७०चं, मेलोडियन्स या जमैकन गटाचं रेगे गाणं, तेही लेस्ली काँगकडेच झालेलं. त्याचे शब्द मुख्यतः बायबलातल्या १३७व्या स्तोत्राचे. आपण लग्नाच्या मांडवात ज्यावर नाचलो, ती बंदिवासात नेलेल्या लोकांची प्रार्थना होती.

तेव्हा कॉयर सोडून पोरं रास्ता झाली, ही मांडणी मला अपुरी वाटते. ग्रंथ तोच राहिला, गाण्याची रीतही तीच राहिली. बदलली ती सभेची जागा आणि देवाचा चेहरा.

'चर्चवाल्यांनी हे खपवून कसं घेतलं?'

पुष्कळांनी खपवून घेतलं नाही. देवाचा आवाज नाचाच्या मैदानात विकायचा, हे अनेक पास्टरांना पाप वाटे. १९७२च्या 'द हार्डर दे कम' या जमैकन चित्रपटात हा संघर्ष स्पष्ट दिसतो. जिमी क्लिफनं रंगवलेला खेड्यातला पोरगा शहरात येतो, चर्चमध्ये राहतो, तिथे चोरून आपली गाणी बसवतो आणि पास्टरच्या रागाला बळी पडतो. स्टुडिओत त्याला गाण्याचे वीस डॉलर देऊ करतात. त्याच चित्रपटात टूट्स आणि मेटल्स स्टुडिओत 'स्वीट अँड डँडी' गाताना दिसतात. ते दृश्य जरूर पाहावं. तीन माणसं एका माइकभोवती उभी आहेत, घाम गाळत आहेत, आणि त्यांना पाहणाऱ्या पोराच्या चेहऱ्यावर फक्त आश्चर्य आहे.

'हा तर अमेरिकी सोलचा पडसाद'

सोल म्हणजे चर्चच्या गाण्यातून आलेलं, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकप्रिय संगीत. टूट्सची तुलना नेहमी त्यातल्या ओटिस रेडिंग या गायकाशी होते, आणि ती चुकीची नाही. १९८८मध्ये टूट्सनं 'टूट्स इन मेम्फिस' हा अल्बम केला, त्यात सोलचीच गाणी आहेत. जमैकन त्रिकुटांवर अमेरिकेच्या इम्प्रेशन्स या गटाचा प्रभाव होता, हेही खरं. पण दोन आवाज सारखे वाटतात म्हणजे एकानं दुसऱ्याची नक्कल केली, असं होत नाही. ओटिस रेडिंगही चर्चमध्येच गायला शिकला होता. दोन्हीकडे तीच पार्श्वभूमी: गुलामगिरी, बाप्टिस्ट आणि इतर पंथांची गरीब चर्चं, हाक आणि ओ. मूळ एक असलं की फांद्यांत साम्य येतं. टूट्सनं जॉन डेन्व्हरचं 'कंट्री रोड्स' गायलं, तेव्हा त्यातल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या जागी 'वेस्ट जमैका' घातलं. ऐकून पाहा, ते गाणं जमैकाचंच होऊन जातं.

'एवढी गाणी गाजली, मग पैसा कुठे गेला?'

हा या गोष्टीचा कडू भाग आहे, आणि तो नीट समजून घेणं गरजेचं आहे.

गाण्यावर दोन वेगवेगळे हक्क असतात. एक, शब्द आणि चाल रचणाऱ्याचा. दुसरा, प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा, त्याला 'मास्टर' म्हणतात. दुसऱ्या कुणी तेच गाणं नव्यानं गायलं तर पहिल्या हक्काचे पैसे मिळतात, मूळ रेकॉर्ड विकली किंवा वाजवली तर दुसऱ्याचेही. साठच्या दशकात किंग्स्टनमध्ये गायकाला बहुधा एकरकमी थोडे पैसे देत आणि विषय संपे. मास्टर निर्मात्याचा, आणि पुष्कळदा रचनेच्या कागदावरही निर्मात्याचंच नाव. स्वतंत्र झाल्यावरही जमैकात १९११चा ब्रिटिश कॉपीराइट कायदाच चालू होता, नवा कायदा १९९३मध्ये आला. मधली तीस वर्षं, म्हणजे स्का, रॉकस्टेडी, रेगेची सगळी भरभराट, त्या जुन्या कायद्याच्या भरवशावर गेली.

निर्मात्याची बाजूही ऐकली पाहिजे. स्टुडिओ, टेप, वादकांची मजुरी, रेकॉर्डची छपाई, हा सगळा धोका त्याचा. दहा गाण्यांतलं एखादं चाले. त्यानं पैसा लावला नसता तर टूट्सचा आवाज आज आपल्यापर्यंत पोचला नसता. हे मान्य करूनही मला वाटतं की वाटणी न्याय्य नव्हती. १८-१९ वर्षांचं, आईबाप नसलेलं पोर काय घासाघीस करणार? कॉयरनं त्याला गायला शिकवलं होतं, करारातली कलमं वाचायला नाही.

'बॅम बॅम'चंच पाहा. १९८२मध्ये सिस्टर नॅन्सी या गायिकेनं त्या गाण्याचा मुखडा घेऊन आपलं 'बॅम बॅम' केलं. ते जगभर वाजलं, चित्रपटांत आलं, बड्या गायकांनी त्याचे तुकडे वापरले. तिला त्याचे पैसे सुमारे तीस वर्षं मिळाले नाहीत. २०१४मध्ये एका जाहिरातीत आपला आवाज ऐकल्यावर ती हक्कासाठी उभी राहिली.

टूट्सचं नशीब त्या मानानं बरं. १९७१मध्ये लेस्ली काँग अकाली वारला. त्यानंतर आयलंड रेकॉर्ड्स या कंपनीच्या ख्रिस ब्लॅकवेलनं मेटल्सना जगापुढे आणलं आणि गटाचं नाव 'टूट्स अँड द मेटल्स' झालं. ब्लॅकवेलनं एक मोठा बदल केला. सुट्या गाण्यांऐवजी तो पूर्ण अल्बमसाठी उचल देई आणि दौरे ठरवी. १९७३चा 'फंकी किंग्स्टन' याच काळातला. शिवाय इंग्लंडच्या तरुण गटांनी टूट्सची गाणी गायली: द क्लॅशनं 'प्रेशर ड्रॉप', स्पेशल्सनं 'मंकी मॅन'. पण पोट भरलं ते मुख्यतः मंचावर. पन्नास वर्षं तो गात फिरला. माइक बंद पडला तरी अडू नये असा आवाज त्याच्यापाशी होता.

२००५मध्ये 'ट्रू लव्ह' या अल्बमला ग्रॅमी मिळालं. २०१३मध्ये अमेरिकेत रिचमंडला गात असताना गर्दीतून फेकलेली बाटली त्याच्या डोक्याला लागली आणि तीनेक वर्षं त्याला मंचापासून दूर राहावं लागलं. फेकणाऱ्या तरुणाला कठोर शिक्षा देऊ नये, असं पत्र त्यानं स्वतः न्यायाधीशांना लिहिलं. ११ सप्टेंबर २०२० रोजी, कोविडच्या काळात, किंग्स्टनच्या रुग्णालयात तो वारला. त्याच्या दोनच आठवडे आधी 'गॉट टू बी टफ' हा नवा अल्बम आला होता. त्यालाही पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं.

'आजही हाच रस्ता आहे का?'

अर्धा आहे. स्पॅनिश टाउनमध्ये २००० साली जन्मलेली कॉफी ही गायिका पाहा. तीही सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट घरातली, तीही चर्चच्या कॉयरमध्ये गायलेली. पण तिला कुणाच्या स्टुडिओबाहेर रविवारच्या रांगेत उभं राहावं लागलं नाही. उसेन बोल्टवर केलेलं गाणं तिनं २०१७मध्ये गिटार घेऊन इन्स्टाग्रामवर टाकलं, बोल्टनं ते पुढे पाठवलं, आणि दार उघडलं. २०२०मध्ये सर्वोत्कृष्ट रेगे अल्बमचं ग्रॅमी तिला मिळालं. तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री आणि सर्वांत लहान कलावंत.

म्हणजे कॉयर टिकली, मधला दरवाजा बदलला. साउंड सिस्टीमच्या मालकाची जागा आता फोनच्या पडद्यानं घेतली आहे. हक्कांचा प्रश्न मात्र तसाच आहे. आज तो गाणं ऑनलाइन ऐकवणाऱ्या कंपन्यांशी होणाऱ्या करारात विचारावा लागतो.

ऐकायला सुरुवात करायची असेल, तर 'हालेलुया' आणि '५४-४६' एकापाठोपाठ लावा. दोन्हींत फक्त मागच्या दोन आवाजांकडे लक्ष द्या, रॅली आणि जेरीकडे. त्यांची नावं कुठल्या पोस्टरवर सापडत नाहीत, पण टूट्स हाक देतो तेव्हा ओ देणारे ते दोघंच आहेत.